टिकलीपर्यंतचा आवाज

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूला खरेदीसाठी बाजारात नेले, आणि गुरूने भर दुकानात सतरंजी पसरून ताणून दिली. एवढेच ऐकले तर कुणीही म्हणेल, म्हाताऱ्याला ऊन लागले असेल. तसे काही नव्हते. गुरू पूर्ण शुद्धीवर होता. जागे करायची गरज होती ती शिष्याला. म्हणून गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी.

शिष्याचे नाव भूपाल चौगुले, राहणार मिरज. सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर काम, आणि लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात गिटार. गिटार विजेवरची. म्हणजे ॲम्प्लिफायर जोडल्याशिवाय तिचा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंतही पोचत नाही. इतकी वर्षे तो मागच्या रांगेत बसून साथ करीत असे. यंदा मुख्य वादक गाव सोडून गेला, आणि ऑर्केस्ट्राच्या चालकाने भूपालला सांगितले, "तुळशीचं लग्न झालं की पुढच्या खुर्चीवर तू बसायचंस. तोवर हात तयार ठेव." ज्या खुर्चीकडे आपण वर्षानुवर्षे मागून पाहत आलो ती आपल्याला मिळणार, या आनंदात भूपालला त्या दिवशी दुधाचे माप घेतानाही गाणी सुचत होती.

अडचण निघाली ती वेळेची. रियाझाला त्याच्याकडे फक्त दुपार मोकळी होती. आणि भूपालची दुपार म्हणजे त्याच्या बायकोची, राजमतीची, रात्र. राजमती एका मोठ्या दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळी करून ती सकाळी घरी येई, स्वयंपाक उरकी आणि जेवून आतल्या खोलीत झोपे. घर दोन खोल्यांचे, मध्ये एक भिंत, तीही अर्ध्या विटेची. अलीकडे भूपालचा रियाझ, पलीकडे राजमतीची झोप. संसारात सगळे वाटून घ्यावे म्हणतात खरे, पण ही भिंत दोघांना पुरत नव्हती.

लग्नसराई नसली की ऑर्केस्ट्राचा भलाथोरला ॲम्प्लिफायर भूपालच्याच घरी मुक्कामाला असे. मैदानावर ढोलकी आणि बँजोच्या वर चढण्यासाठी केलेले ते यंत्र. त्याला हळू बोलता येतच नव्हते. बटण अगदी कमी ठेवले तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येई, आणि जरा पुढे सरकवले की एकदम खेकसल्यासारखा बाहेर पडे. राजमती दचकून उठे. दाराखालच्या फटीत एक जुना टॉवेल कोंबून पुन्हा पडे.

आता तुम्ही म्हणाल, कानाला हेडफोन लावायचे. लावून झाले होते. एका दुपारी राजमतीला कणकण आली होती आणि तिने आतून पाणी मागितले. एकदा मागितले, पुन्हा मागितले, शेवटी स्वतःच भिंत धरून उठून आली. हा पठ्ठ्या कानात सूर भरून, डोळे मिटून बसलेला. त्या दिवसापासून भूपालने हेडफोन कपाटात ठेवले, ते पुन्हा काढले नाहीत. मग त्याने ॲम्प्लिफायरशिवाय वाजवून पाहिले. स्वतःलाच ऐकू येईना, म्हणून तो तारा जोराने ओढू लागला, आणि थोड्याच दिवसांत उजवा हात दगडासारखा जड झाला. पुन्हा आपला तो थोरला ॲम्प्लिफायर सुरू झाला.

असे चालले असता एका सकाळी राजमती घरी आली ती पिशवी खाली न ठेवताच उभी राहिली. म्हणाली, "रात्री वॉर्डात सलाईन संपत आलं होतं आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या पेंगले. पेशंटच्या आईनं हलवून उठवलं. काही झालं नाही. पण झालं असतं."

भूपालच्या हातातला चहा तसाच राहिला.

"गिटार सोडा असं मी म्हणणार नाही," ती पुढे म्हणाली. "तुमचा जीव तिच्यात आहे, मला माहीत आहे. पण मला झोप पाहिजे. आता काय करायचं ते तुम्हीच ठरवा." एवढे बोलून ती पाय धुवायला गेली. ती भांडली असती तर बरे झाले असते, असे भूपालला वाटले. भांडणाला काहीतरी उत्तर देता येते.

त्याने गिटार खोळीत घातली आणि खाटेखाली सरकवली. काही दिवस तो तिच्याकडे वळला नाही. मग एके दिवशी दुपारी उठून शांतवन मास्तरांकडे गेला.

शांतवन मास्तर म्हणजे त्याचे गुरू. चर्चच्या मागच्या एका खोलीत राहत. तरुणपणी त्यांनीही पुष्कळ मैदाने गाजवली होती, पण आता ते फार बोलत नसत आणि फार वाजवतही नसत. समोरचा वाजवू लागला की डोळे मिटत. नवख्या शिष्याला वाटे, मास्तरांना झोप लागली. जुन्या शिष्याला ठाऊक असे की आता आपली एकही चूक सुटणार नाही.

"मास्तर, मी ऑर्केस्ट्रात नकार कळवून येतो," भूपाल म्हणाला. "पुढच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला तरी बसवा म्हणावं. घरात रियाझ होत नाही, आणि रियाझाशिवाय पुढं बसून फजिती करून घेण्यापेक्षा मागं बरा." मग त्याने सगळी हकीकत सांगितली.

मास्तरांनी ऐकून घेतले. म्हणाले, "लहान ॲम्प मिळतात की आता. घरातल्या रियाझापुरते, आपल्या खिशाला झेपतील असे."

"ते माहीत आहे. पण त्यातला कुठला घ्यायचा ते मला कळत नाही. तुम्ही येता का दुकानात?"

"येतो. येताना घरनं एक सतरंजी घेऊन ये."

"सतरंजी कशाला?"

"लागेल," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले. भूपालला वाटले, म्हाताऱ्या माणसाला दुकानातल्या स्टुलावर बसवत नसेल. त्याने मुकाट्याने सायकलीच्या कॅरिअरला सतरंजी बांधली.

दुकान दस्तगीरभाईंचे. मिरजेत वाद्यांच्या दुकानांना तोटा नाही, आणि दस्तगीरभाईंच्या घरी तर पिढ्यानपिढ्या सतारी झालेल्या. आता पुढच्या भागात गिटारी, कीबोर्ड आणि ॲम्प्लिफायर मांडलेले असत, आणि पडद्यामागच्या खोलीत मात्र अजून सतारीचे भोपळे वाळत टांगलेले. माणूस सज्जन, पण दुकानदार तो दुकानदारच. भूपालला पाहताच त्यांनी तीन ॲम्प्लिफायर पुढे काढले. पहिला रुंद, काळाभोर, ऑर्केस्ट्राच्या त्या धुडाचा धाकटा भाऊ शोभेल असा. दुसऱ्यावर निळे-तांबडे दिवे आणि इतकी बटणे की एक दाबले की देवळाच्या गाभाऱ्यातून, दुसरे दाबले की विहिरीतून वाजवल्याचा भास व्हावा. तिसरा बिस्किटांच्या डब्याएवढा. त्याला दिवे नाहीत, नक्षी नाही, बटणेही मोजकी.

भूपालने ऑर्केस्ट्रावाल्याच्या सवयीने पहिला ॲम्प जोडला आणि नेहमीचे टाळ्या घेणारे गाणे खणखणीत वाजवले. ऑर्केस्ट्रातली मंडळी ॲम्पबद्दल एकच प्रश्न विचारतात, आवाज मारतो का? हा मारत होता. रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबले. समोरच्या पानवाल्याने मान डोलावली. भूपालच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी रंग आला.

"हाच घ्या," दस्तगीरभाई म्हणाले. "मोठ्याचा आवाज कमी करता येतो. लहानाचा वाढवायचा म्हटलं तर कुठनं वाढवणार?"

भूपालला हे पटले. तसे ते कुणालाही पटेल. त्याने मास्तरांकडे पाहिले, तर मास्तर जागेवर नव्हते. ते सतरंजी काखेत घेऊन पडदा सारत मागच्या खोलीत शिरत होते.

"मास्तर, तिकडं कुठं?"

मास्तरांनी वाळत टांगलेल्या भोपळ्यांच्या खाली सतरंजी अंथरली, वहाणा काढल्या आणि आडवे झाले. खांद्यावरचा पंचा डोळ्यांवर घेतला. "पडदा ओढून घ्या, दस्तगीरभाई," ते म्हणाले. "आणि भूपाल, आता घरी दुपारी जेवढ्या आवाजात वाजवायचंय तेवढ्यातच वाजव. मी झोपतो."

दस्तगीरभाईंनी भूपालच्या कानाशी येऊन विचारले, "तब्येत बरी आहे ना त्यांची?" भूपालने खांदे उडवले. गुरूपुढे काय बोलणार? त्याने बटण खाली आणले आणि हळू वाजवू लागला. काळ्या ॲम्पमधून आवाज यायला तयार नव्हता. जो येत होता तो तोंडात घास ठेवून बोलल्यासारखा. भूपालने बटण केसभर पुढे केले, आणि ॲम्प एकदम खेकसला.

"उठलो," आतून मास्तर म्हणाले.

मग दुसरा. हा हळू वाजत होता, पण त्याच्या पोटात सारखी एक बारीक गुणगुण चालू होती. मोठ्या आवाजात ती कळली नसती. हळू वाजवताना गाण्यापेक्षा तीच जास्त. शिवाय एकेक सूर विहिरीत पडल्यासारखा घुमत राही आणि पुढच्या सुरावर सांडे. बोट चुकले की बरोबर आले, हे खुद्द भूपाललाही सांगता आले नसते. खरे सांगायचे तर त्याला ते आवडले होते.

"उठलो," मास्तर म्हणाले.

राहता राहिला बिस्किटाचा डबा. भूपालने तो नाइलाजाने जोडला आणि बटण जेमतेम वळवले. आवाज लहान होता, पण अख्खा होता. प्रत्येक तार वेगळी, स्वच्छ ऐकू येत होती. आणि तीच पंचाईत झाली. तिसऱ्या बोटाखालची तार फडफडते आहे, मधल्या ओळीत ताल अडखळतो आहे, शेवटच्या सुरापाशी हात घाई करतो आहे, असे सगळे जिथल्या तिथे दिसू लागले. पुढच्या खुर्चीवर बसायला निघालेल्या माणसाला हे आपल्याच कानांनी ऐकणे जड जाते. दस्तगीरभाई समोर उभे होते, म्हणून तर आणखी जड. भूपालला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण आतून "उठलो" आले नव्हते, त्यामुळे थांबताही येईना. त्याने लय कमी केली. हात सैल सोडला. चुकलेली ओळ पुन्हा घेतली, मग पुन्हा. हळूहळू तो दुकान विसरला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दस्तगीरभाईंनी त्याच्या दंडाला हात लावला आणि पडदा जरासा बाजूला केला. भोपळ्यांखाली मास्तर कुशीवर वळून गाढ झोपले होते. बारीक घोरत होते.

चहा आला तेव्हा कपबशांच्या आवाजाने मास्तर जागे झाले. बाहेर येऊन स्टुलावर बसले. "हा घे," ते बिस्किटाच्या डब्याकडे बोट करून म्हणाले.

"मास्तर, यात माझ्या चुका फार दिसतात," भूपाल म्हणाला. "आणि घरी पाहुणे आले तर म्हणतील, हे काय खेळणं आणलंय."

मास्तरांनी चहा बशीत ओतला. "चुका डब्यात नाहीत, बाळा, बोटांत आहेत. डबा नुसता सांगतो. आणि हळू सांगतो, हे त्याचे उपकार मान. मैदानावर सांगितलं असतं तर?"

भूपाल आपल्या बोटांकडे पाहू लागला.

"तू मघाशी वाजवलंस ते रस्त्यावरच्या माणसासाठी," मास्तर म्हणाले. "तो थांबला, मान डोलावली, गेला. तो काही तुझ्या घरी राहायला येणार नाही. तुझ्या घरात हा ॲम्प सगळ्यात जास्त कोण ऐकणार? तू नव्हे. तू वाजवण्यात गुंग असणार. ऐकणार ती भिंतीपलीकडं पडलेली बाई. तिच्या जागी कुणीतरी जाऊन पडल्याशिवाय कसं कळणार, कुठला बरा? तू वाजवत होतास, म्हणून मी जाऊन पडलो. मडकं घेताना आपण बोटाच्या पेरानं वाजवून घेतो. तिथं कुणी हातोडा काढत नाही. वस्तू घरात जशी वापरायची, तशीच दुकानात पारखावी."

मग ते म्हणाले, "इतकी वर्षं त्या आतल्या खोलीत ती झोपते. तू वाजवत असताना तिथं काय ऐकू येतं, ते तू कधी ऐकलंस का?"

हेडफोन लावून बसलेला तो, आणि भिंत धरून पाण्यासाठी उठून आलेली राजमती, असे दोघे भूपालच्या डोळ्यांपुढे आले. दस्तगीरभाईंनी डबा खोक्यात भरायला घेतला. मोठा माल हातचा गेला, याचे त्यांना थोडे वाईट वाटले असेलही, पण ती मागची खोली त्यांनी त्यानंतर आवरून ठेवली, आणि गिऱ्हाईक फार आवाज करू लागले की, "जरा आत पडून बघता का?" असे ते आता स्वतःच विचारतात.

राजमतीच्या सुट्टीच्या दिवशी भूपालने तिला बाहेरच्या खोलीत बसवले. त्याने आधी ॲम्प त्या अर्ध्या विटेच्या भिंतीपासून हलवून समोरच्या कोपऱ्यात, घडी केलेल्या गोधडीवर ठेवला होता. मग गिटार तिच्या मांडीवर दिली आणि म्हणाला, "तू वाजव. मी आत झोपतो."

"मला कुठं येतंय?"

"यायला नको. नुसती तारांवरनं बोटं फिरव."

तो आत जाऊन तिच्या जागी, तिच्या उशीवर डोके ठेवून पडला. बाहेर राजमतीने घाबरत घाबरत तारा छेडल्या. भूपाल छताकडे पाहत ऐकत राहिला. वाजवताना कधी लक्षात आले नव्हते, पण या उशीपाशी सूर नुसता येत नव्हता, भिंतीतून हाडांत उतरत होता. आणि हा तर बिस्किटाचा डबा होता. तो थोरला ॲम्प इथे कसा ऐकू येत असेल, याचा विचार करून त्याचे डोळे भरून आले.

"कमी कर," तो आतून म्हणाला. "अजून कमी. अजून."

"अहो, आता मला इथं तरी ऐकू येतंय का बघू द्या," राजमती म्हणाली. शेवटी एक जागा अशी सापडली की बाहेर सूर स्वच्छ होता आणि आत तो आहे एवढेच कळत होते. भूपाल बाहेर आला. राजमतीने आरशावर चिकटवलेली एक टिकली काढली आणि बटणाची रेघ जिथे थांबली होती, तिथे बरोबर लावली. "याच्या पुढं नाही," ती म्हणाली.

भूपालने तो नेम पाळला. रोज दुपारी टिकलीपर्यंत, पुढे नाही. एवढ्याशा आवाजात चूक झाकायला जागा नसते, त्यामुळे ती काढावीच लागते. दिवाळी झाली तेव्हा मास्तरांनी त्याचे वाजवणे डोळे मिटून ऐकले आणि "हात हलका झाला," एवढेच म्हणाले. दाराखालचा टॉवेल कधी निघाला ते भूपालला कळले नाही. एक दिवस तो दोरीवर धुऊन वाळत घातलेला दिसला. राजमतीच्या डोळ्यांखालचे काळे उतरले होते. तुळशीचे लग्न झाले, आणि चालकाने पुढची खुर्ची भूपालसाठी मांडली.

पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी भूपालने नेहमीप्रमाणे ॲम्प सुरू केला, बटण टिकलीपर्यंत नेले आणि वाजवू लागला. आवाज जरा जास्त वाटला. आपल्याच कानांना भास होत असेल म्हणून त्याने वाकून पाहिले. टिकलीच्या नेहमीच्या जागी नुसता डिंकाचा गोल डाग होता. टिकली त्याच्या नखभर पुढे लावलेली होती.

त्याने दार हळूच लोटले. राजमती कुशीवर पडली होती, जागी होती.

"टिकली तू हलवलीस?"

"हं," ती म्हणाली. "ते शेवटी वाजवता ना, हळूहळू कमी होत जातं ते. त्याचा शेवट इथं ऐकूच येत नव्हता. रोज तिथवर जागी राहायची आणि मग नुसतंच गप्प. म्हणून लावली जरा पुढं."

भूपाल दारातच उभा राहिला.

"वाजवा आता," राजमती म्हणाली आणि तिने पांघरूण वर ओढले. "मला झोपायचंय."

भूपालने दार उघडेच ठेवले आणि येऊन वाजवायला बसला. असे एखादे बटण तुमच्याही घरात असेल. टिकली लावायला तेवढे पलीकडच्या माणसाला बोलवा.